साठवलेले ३८० डॉलर

ताई,
आम्ही शिकागोजवळ शॉम्बर्गला राहतो. मुलगा तेरा वर्षांचा आहे आणि बास्केटबॉल खेळाडूंची छापील कार्डं जमवायचं त्याला वेड आहे. जुलैअखेरीस रोझमाँटला कार्डवाल्यांची 'नॅशनल' नावाची जत्रा भरतेय, तिथं जायचंच म्हणून तो मागे लागलाय. शेजाऱ्यांच्या अंगणातला बर्फ उपसून, कुत्री फिरवून आणि वाढदिवसाचे मिळून त्याच्याकडे ३८० डॉलर जमलेत. नवरा म्हणतो, "हा निव्वळ जुगार आहे. मिरजेला आम्ही बबलगमचे रन, म्हणजे गमबरोबर येणारी क्रिकेटची कार्डं, जमवायचो, पण ते फुकट होतं." त्याचं अगदीच चूक आहे असंही म्हणवत नाही. मार्चमध्ये मुलानं मला विचारूनच एका ऑनलाइन 'ब्रेक'मध्ये, म्हणजे वाटे लावून कार्डांचा खोका फोडतात त्यात, साठ डॉलर घातले, हाती काही आलं नाही, आणि दोन दिवस तो कुणाशी धड बोलला नाही. त्याच्याकडे वेंबान्यामा या बास्केटबॉल खेळाडूचं पहिल्या वर्षाचं एक चांगलं कार्ड आहे. ते विकून मायकेल जॉर्डनचं जुनं कार्ड घ्यायचं त्याच्या डोक्यात आहे. त्याच सुमारास सासूबाई येताहेत. फोनवर त्या म्हणाल्या, "पत्त्यांच्या जत्रेला नेतेस पोराला?" मला यातलं ओ की ठो कळत नाही. न्यावं का? नेलं तर किती पैसे घेऊ द्यावेत? कार्ड विकू द्यावं का? तिथं फसवतात का?
— एक आई, इलिनॉय

न्या. हे आधी सांगते, कारण तुमच्या चार प्रश्नांपैकी एवढ्याच एका प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देता येतं. ज्या जत्रेसाठी लोक देशभरातून विमानानं येतात, ती तुमच्या घरापासून अर्ध्या तासावर भरते आहे. १९८० साली लॉस एंजेलिसच्या विमानतळाजवळच्या एका हॉटेलात पहिली नॅशनल भरली. तेव्हापासून ती गावं बदलत फिरते, कधी क्लीव्हलँड, कधी अटलांटिक सिटी, आणि फिरून फिरून रोझमाँट. स्वतःच्या कष्टाचे पैसे घेऊन तेरा वर्षांचा मुलगा तिथं जायचं म्हणतोय, आणि मुख्य म्हणजे तुम्हाला विचारून जायचं म्हणतोय. आणखी दोन वर्षांनी तो विचारेलच असं नाही.

मी हे ऐकीव माहितीवर लिहीत नाही. आम्ही तेव्हा ओहायोत होतो. २०१४ साली नॅशनल क्लीव्हलँडला होती आणि माझा धाकटा अकरा वर्षांचा होता. विमानतळाला लागून असलेलं तिथलं आय-एक्स सेंटर म्हणजे दुसऱ्या महायुद्धात बाँबर विमानांसाठी उभारलेला कारखाना. दारात उभं राहिलं की समोरची भिंत दिसत नाही, दिसतात ती टेबलंच टेबलं. मला वाटलं होतं तासाभरात बाहेर पडू. संध्याकाळी सहाला मी त्याला ओढत बाहेर आणलं.

तुमच्या नवऱ्याचं म्हणणं मला निम्मं मान्य आहे, आणि ते निम्मं फार महत्त्वाचं आहे. ब्रेकमध्ये काय होतं, तर विकणारा कार्डांचा बंद खोका कॅमेऱ्यासमोर फोडतो. त्याआधी एकेका संघाच्या नावानं वाटे विकलेले असतात. तुमच्या संघाचं जे कार्ड निघेल ते तुमचं. काही ब्रेकमध्ये तर संघसुद्धा चिठ्ठी टाकून ठरतो. साठ डॉलर भरणाऱ्याला चार साधी कार्डं येतात, कधी तीही येत नाहीत. आपल्याकडे याला सोडत म्हणतात. बंद पाकिटाचंही तेच आहे, फक्त रक्कम लहान. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात छापलेलं असतं, अमुक प्रकारचं कार्ड इतक्या पाकिटांत एक. ती ओळ त्याला वाचायला लावा आणि त्यावरचं गणित त्यालाच मांडू द्या.

पण समोर कार्ड दिसतंय, त्याचे कोपरे दिसताहेत, त्यावर किमतीची चिठ्ठी आहे आणि आपण ते मागून घेतो, ही खरेदी झाली. नॅशनलमध्ये खरेदी आणि सोडत एकाच छपराखाली असतात, आणि झगमगाट, आरडाओरडा, कॅमेरे हे सगळं सोडतीच्या बाजूला जास्त. म्हणून घरातून निघण्याआधी मुलाशी एकच करार करा. या ३८० डॉलरांतून पाकीट नाही, खोका नाही, ब्रेक नाही, 'मिस्ट्री' लिहिलेलं काहीही नाही. डोळ्यांना दिसतं तेवढंच घ्यायचं. मार्चचा विषय काढलात तर 'बघ, मी तेव्हाच सांगत होते' असा सूर लावू नका. दोन दिवस गप्प बसलेल्या मुलाला ते कळलेलं असतं. त्याला फक्त विचारा, त्या साठ डॉलरांत आवडीचं कुठलं कार्ड सरळ विकत मिळालं असतं? त्याला उत्तर लगेच येईल. कदाचित त्याच्याकडे ते आधीच तयार असेल.

आता नवऱ्याच्या उरलेल्या निम्म्या म्हणण्याविषयी. मिरजेचे रन फुकट नव्हते हो. क्रिकेटपटूंचा फोटो आणि मागे रन किंवा विकेट असलेलं ते कार्ड बबलगमबरोबर यायचं आणि बबलगमला पैसे पडायचे. गोडी गमची नव्हती, कार्डाची होती, आणि कंपनीला ते पक्कं ठाऊक होतं. अमेरिकेतल्या टॉप्स कंपनीनंही १९५० च्या दशकात असंच गमबरोबर बेसबॉलची कार्डं देऊन घराघरात जागा मिळवली. त्याच्याही आधी कार्डं सिगारेटच्या पाकिटांतून यायची. १९०९ ते १९११ या वर्षांत तंबाखूबरोबर आलेल्या एका संचात होनस वॅग्नर या खेळाडूचं कार्ड होतं. त्यानं हरकत घेतली आणि छपाई थांबली. मुलांनी आपल्या चित्रासाठी तंबाखू विकत घ्यावी हे त्याला रुचलं नाही, असं एक सांगतात. त्याला मोबदला दिला नव्हता, असं दुसरे सांगतात. कारण काहीही असो, जेमतेम पन्नास-साठ कार्डं उरली आणि त्यातलं एक २०२२ साली साडेबहात्तर लाख डॉलरला गेलं. नवऱ्याला हे सांगा, पण किमतीसाठी नव्हे. त्यानं मिरजेला जे केलं त्याच लांबलचक गोष्टीत त्याचा मुलगाही आहे, हे त्याला दिसावं म्हणून.

सासूबाईंची अडचण शब्दाची आहे. आपल्याकडे पत्ते म्हटलं की सतरंजी, पैसे आणि उशिरा घरी येणारा पुरुष डोळ्यांसमोर येतो. त्यांना जेफरसन बर्डिक यांची गोष्ट सांगा. न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूज गावचा हा माणूस कारखान्यात काम करायचा. संधिवातानं त्याची बोटं वाकडी झाली होती. लग्न नाही, फारसा पैसा नाही. त्यानं आयुष्यभर छापील कार्डं जमवली, बेसबॉलची, जाहिरातींची, शुभेच्छांची, आणि त्या सगळ्याची सूची केली. वॅग्नरच्या त्या संचाला आजही जग 'टी २०६' म्हणतं, ते नाव बर्डिकच्या सूचीतलं. तीन लाखांहून जास्त नग त्यानं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला देऊन टाकले. नुसते दिले नाहीत, वर्षानुवर्षं संग्रहालयात येऊन बसत त्या दुखऱ्या हातांनी वह्यांमध्ये चिकटवले. १९६३ च्या जानेवारीत काम पुरं झालं आणि मार्चमध्ये तो गेला. दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे वर्षभर कापसात गुंडाळून ठेवणाऱ्या, पोस्टाची तिकिटं पाण्यात भिजवून अलगद सोडवणाऱ्या माणसांच्या जातकुळीतला हा माणूस. सासूबाईंना तो लगेच ओळखीचा वाटेल.

बर्डिकचं नाव मी आणखी एका कारणानं काढलं. आपण काय जमवतोय हे त्याला माहीत होतं. तुमच्या मुलाला ते अजून माहीत नाही, असं पत्रावरून वाटतं. वेंबान्यामा विकायचा, जॉर्डन घ्यायचा. का? जॉर्डन मोठा म्हणून, सगळे त्याचंच नाव घेतात म्हणून. जायच्या आधीच्या आठवड्यात त्याच्याजवळ बसा आणि विचारा, तुझा संग्रह कशाचा आहे? एका वाक्यात सांग. वाक्य आलं नाही तर घाई करू नका. पण ते वाक्य खिशात न घेता त्या सभागृहात शिरलेला माणूस, मग तो तेराचा असो की पन्नाशीचा, सगळे पैसे पहिल्या दोन रांगांत घालवून बसतो.

एक वाक्य मी सुचवते, आवडलं तर घेऊ दे. वेंबान्यामाच्या सॅन अँटोनिओ स्पर्स या संघाला नवे खेळाडू निवडताना आजवर तीनदा पहिला क्रमांक मिळाला आणि तिन्ही वेळा त्यांनी उंचापुरा खेळाडू घेतला. १९८७ ला डेव्हिड रॉबिन्सन, १९९७ ला टिम डंकन, २०२३ ला वेंबान्यामा. रॉबिन्सन नौदलात होता, आधी तिथली सेवा पूर्ण केली आणि १९८९ ला मैदानात उतरला. पुढे डंकन आला आणि दोघांनी मिळून दोन विजेतेपदं जिंकली. तिघांची पहिल्या वर्षाची कार्डं शेजारी शेजारी लावली की एका संघाची छत्तीस वर्षं समोर उभी राहतात. पहिल्या टोकाचं कार्ड तर अगदी स्वस्त आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीला कंपन्यांनी कार्डं इतकी भरमसाट छापली की जमवणारे त्या काळाला 'जंक वॅक्स' म्हणतात. म्हणून रॉबिन्सनचं १९८९-९० चं हूप्स कंपनीचं कार्ड टेबलाखालच्या डॉलर-बॉक्समध्येही, म्हणजे डॉलरला एक कार्ड असलेल्या खोक्यातही, सापडतं. डंकनला थोडे जास्त पडतील, तरी ३८० मध्ये आरामात बसेल. आणि मग वेंबान्यामा विकायचा प्रश्नच उरत नाही.

तरीही विकायचंच म्हणाला तर विकू द्या. कार्ड त्याचं आहे. फक्त त्याला भाव कसा बघायचा ते आधी कळू दे. विकणाऱ्यांनी लावलेली किंमत बघायची नाही. ईबेवर तेच कार्ड, त्याच स्थितीतलं, प्रत्यक्षात कितीला विकलं गेलं ते बघायचं, आणि एकच सौदा नाही, गेल्या महिन्यातले पाच-सहा. टेबलवाला रोख देताना त्याच्या सत्तर-ऐंशी टक्के देईल. ही फसवणूक नव्हे, त्याला ते पुढे विकून टेबलाचं भाडं काढायचं असतं. अदलाबदलीत मात्र जास्त मोल मिळतं. आणि एक प्रश्न आधी विचारा, ऑक्टोबरात सामने सुरू होतील आणि वेंबान्यामा खेळत असेल, तेव्हा हे कार्ड घरात नसल्याचं वाईट वाटेल का? तो 'नाही' म्हणाला तर पुन्हा विचारू नका.

जॉर्डनचं मात्र या वर्षी नको. सगळ्यांना हवं असतं ते फ्लीअर कंपनीच्या १९८६-८७ च्या संचातलं ५७ क्रमांकाचं कार्ड. कोपरे घासलेलं असलं तरी ते हजारो डॉलरांना जातं. कुणी तीनशेला देतोय म्हणाला तर हात मागे घ्या. या कार्डाइतक्या नकला फार थोड्या कार्डांच्या झाल्यात.

म्हणजे फसवतात का? बहुतेक लोक फसवत नाहीत. वर्षानुवर्षं त्याच टेबलावर बसणाऱ्यांना नाव सांभाळावं लागतं. पण मी फसले आहे, ते सांगते. क्लीव्हलँडला शनिवारी दुपारी तुडुंब गर्दीत एका टेबलावर मुलाला १९७० च्या दशकातलं एक बेसबॉल कार्ड आवडलं. कोपरे सुईसारखे, चाळीस डॉलर. मी म्हटलं घे लवकर, मागे लोक उभे आहेत. घरी येऊन त्यानं ते त्याच संचातल्या दुसऱ्या, साध्या कार्डावर ठेवलं, तर एका बाजूनं केसभर लहान. कडा कापून कोपरे नवे केले होते. माझा मुलगा रडला नाही, त्यानं ते कार्ड वहीत 'कापलेलं' असं लिहून ठेवलं. मला मात्र अजून रुखरुख आहे, कारण घाई मी केली होती. पुढे कळलं की यात मोठेमोठे फसलेत. वॅग्नरचं सर्वांत गाजलेलं कार्ड, जे १९९१ साली पीएसए या प्रमाणित करणाऱ्या कंपनीनं पहिलंवहिलं कार्ड म्हणून तपासून दहापैकी आठ गुण दिले, तेही कडेनं कापलेलं होतं. ते विकणाऱ्या लिलाववाल्यानं २०१३ साली न्यायालयात हे कबूल केलं.

त्यावरून शिकलेली सवय सांगते. ज्या संचातलं कार्ड घ्यायचं, त्याच संचातलं एखादं पाव-अर्ध्या डॉलरचं कार्ड आधी घेऊन ठेवायचं आणि महागाचं कार्ड त्यावर ठेवून बघायचं. १९५७ पासून टॉप्सची कार्डं अडीच बाय साडेतीन इंचांची आहेत, पण पट्टीपेक्षा शेजारचं कार्ड लवकर खरं बोलतं. सोबत एक भिंग न्या. खरी छपाई भिंगाखाली बारीक ठिपक्यांची, नीट बसलेली दिसते. नकलेत अक्षरं धूसर असतात. पन्नास डॉलरच्या वरचं कार्ड शक्यतो प्रमाणित केलेलं, सीलबंद डबीतलं घ्या आणि डबीवरचा क्रमांक तिथंच उभं राहून फोनवर तपासा. हल्ली डब्याही नकली निघतात, म्हणून क्रमांकासोबत फोटोही जुळतोय का ते बघा.

थोडी तिथली रीत. काचेखालचं कार्ड 'बघू का?' असं विचारूनच हातात घ्यायचं आणि कडेनं धरायचं. घासाघीस चालते, तिला कुणी कमी लेखत नाही. "कितीपर्यंत द्याल?" हा प्रश्न तिथं सगळेच विचारतात. आपण रोजच्या भाजीलाही विचारतोच. पण आकडा बोललो आणि समोरचा हो म्हणाला, तर मागे फिरायचं नाही. एकाच्या टेबलापाशी उभं राहून दुसऱ्या गिऱ्हाइकाशी अदलाबदल करणं वाईट समजतात, बाजूला जाऊन करावी. बोलणं मुलालाच करू द्या. तुम्ही दोन पावलं मागे, पण दिसतील अशा उभ्या राहा. लहान मुलाकडून काही घेताना चांगले विक्रेते पालक कुठे आहेत ते बघतातच.

पैशांत भर घालू नका. ३८० त्याचे आहेत आणि तेवढेच राहू देत. तुम्ही शंभर घातलेत की खरेदीत तुमचं मत आलं. रोख न्या, पाच, दहा, वीसच्या नोटा, आणि निम्मे तुमच्याकडे ठेवा. खेळाडूंच्या सह्यांचं तिकीट वेगळं असतं आणि ते महाग पडतं, त्या वाटेला या वर्षी न गेलेलं बरं. जमलं तर दोन दिवस जा. पहिल्या दिवशी फक्त बघायचं, कुठल्या रांगेत काय कितीला ते वहीत टिपायचं. दुसऱ्या दिवशी घ्यायचं. एकच दिवस जमणार असेल तर गुरुवार घ्या, शनिवारी टेबलापर्यंत पोचायलाच वेळ लागतो. रविवारी दुपारी आवराआवर सुरू झाली की भाव उतरतात, पण चांगला माल तोवर गेलेला असतो. कार्डं घालायला मऊ पारदर्शक पिशव्या आणि कडक प्लास्टिकची पाकिटं घरूनच न्या. पाठीवरची सॅक पोटावर घ्या. आतलं एसी फार गार असतं, बाहेर कितीही उकाडा असला तरी स्वेटर लागतो. पायांत मऊ बूट.

आणि नवऱ्याला घरी ठेवू नका. त्याच्या हातात ते भिंग द्या. प्रत्येक गोष्टीत आधी खोट शोधणारा माणूस तिथं फार उपयोगी पडतो, आणि 'हे कापलंय का रे बाबा?' असं मुलानं विचारलं की तो खाली वाकून बघणारच. बबलगमच्या रनांची गोष्टही त्याला तेव्हाच आठवेल. सासूबाईंना गुरुवारी न्या, शनिवारी नको, आणि बसायला जागा कुठे आहे ते दारातच विचारून ठेवा.

घरी आल्यावर हिशेब मागू नका, कार्डं दाखव म्हणा. आणि डंकनचं कितीला मिळालं ते मला कळवा.